कुशीतलं स्लॉथचं पिल्लू : ॲमेझॉनमधल्या स्वयंसेवेच्या नावाखाली चालणारी फसवणूक

जाहिरातीतल्या फोटोत एक मुलगी असते आणि तिच्या गळ्याला बिलगलेलं स्लॉथचं, म्हणजे झाडाला लटकून राहणाऱ्या एका संथ प्राण्याचं, पिल्लू. खाली दोन ओळी : पेरू देशातल्या ॲमेझॉनच्या जंगलात दोन आठवडे वन्यप्राण्यांची सुटका आणि पुनर्वसन, अनुभवाची अट नाही, प्रमाणपत्र मिळेल. पशुवैद्यकीचे आणि प्राणिशास्त्राचे विद्यार्थी, परदेशी विद्यापीठात अर्ज करणारे, नोकरीतून महिनाभराची रजा काढून काहीतरी चांगलं करू पाहणारे, असे लोक या जाहिरातीला भुलतात, आणि यातलं कुणीही लोभी नसतं. म्हणूनच ही फसवणूक जास्त लागते. ज्या फोटोवर विश्वास ठेवून पैसे भरले जातात, तोच फोटो काहीतरी खोटं असल्याचा पहिला पुरावा असतो.

यात दोन तऱ्हा आहेत. पहिलीत केंद्रच नसतं, असतं ते फक्त व्हॉट्सॲप आणि एक पत्र. दुसरीत केंद्र असतं, पिंजरे असतात, प्राणीही खरे असतात. फक्त त्यांची सुटका कुणी केलेली नसते, ते विकत आणलेले असतात.

पहिल्या तऱ्हेत रकमा बदलतात, क्रम सहसा तोच असतो. इन्स्टाग्रामवरच्या चौकशीतून व्हॉट्सॲपवर नेलं जातं. मग दहा मिनिटांची व्हिडिओ मुलाखत होते. त्यात लसी कोणत्या घेतल्या, दमा आहे का, वीस किलोचं पोतं उचलता येतं का, यातलं काही विचारत नाहीत. 'तुम्हाला प्राणी आवडतात का' हे मात्र नक्की विचारतात. त्याच संध्याकाळी निवडपत्र येतं. ते पत्र मोबाइलवर मोठं करून नीट बघा. वर मकाव पोपटाचं बोधचिन्ह, खाली सोनेरी शिक्का, मजकुरात 'पेरू सरकारमान्य'. तुमचं नाव मात्र बाकीच्या मजकुरापेक्षा वेगळ्या टाइपात, कारण तेवढाच शब्द प्रत्येक वेळी बदलला जातो. पत्ता म्हणून 'ॲमेझॉन रेनफॉरेस्ट, इकितोस, पेरू' एवढंच. इकितोस हे काही लाख वस्तीचं शहर आहे, उर्वरित पेरूशी रस्त्याने न जोडलेलं. तिथे विमानाने किंवा नदीतूनच पोचता येतं. ज्या केंद्रात धान्य, औषधं, डिझेल बोटीने येतं, ते केंद्र कोणत्या नदीवर आहे आणि कोणत्या धक्क्यावरून बोट सुटते हे पत्रात लिहितंच. नुसतं शहराचं नाव म्हणजे पत्ता नव्हे.

पैसे एकदम मागत नाहीत. आधी नोंदणीची छोटी रक्कम, जी गेली तरी फार वाटणार नाही. मग 'जागा पक्की' करण्याचे, मग विम्याचे, मग 'वन्यप्राणी हाताळणी परवान्याचे', मग परत मिळणारी अनामत. प्रत्येक वेळी मुदत आज रात्रीपर्यंतची. माणूस थांबत नाही तो मूर्खपणामुळे नव्हे. आधी भरलेले वाया जाऊ नयेत म्हणून तो पुढचे भरतो, आणि हप्त्यांची रचना त्यासाठीच केलेली असते. यातला हाताळणी परवाना तर सरळ थाप आहे. पेरूत वन्यप्राणी ठेवण्याची परवानगी केंद्राला मिळते. दोन आठवड्यांसाठी आलेल्या स्वयंसेवकाने ती विकत घ्यायची नसते.

पैसे कुठे जातात ते पाहा. पेरूतल्या संस्थेला भारतातल्या बँकेतून पैसे पाठवायचे तर परदेशी रक्कम पाठवण्याचा ए-टू फॉर्म भरावा लागतो, कारण लिहावं लागतं, आणि रक्कम स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय यंत्रणेने संस्थेच्या नावाच्या खात्यात जाते. तुमच्याकडे यूपीआयचा क्यूआर कोड आला आणि स्कॅन केल्यावर एखाद्या व्यक्तीचं नाव दिसलं, तर ते पैसे देशाबाहेर निघालेलेच नाहीत. 'आम्ही भारतातले अधिकृत प्रतिनिधी आहोत' असं उत्तर आलं तर जीएसटी क्रमांक असलेलं बिल मागा. हा क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राला २७ आणि गोव्याला ३०. पुढची दहा अक्षरं म्हणजे त्या धंद्याचा पॅन. त्यामुळे पूर्ण क्रमांकातलं सहावं अक्षर पाहिलं की समोर कोण आहे ते कळतं : 'सी' म्हणजे कंपनी, 'टी' म्हणजे ट्रस्ट, 'एफ' म्हणजे भागीदारी, 'पी' म्हणजे एकटी व्यक्ती. पत्रावर 'फाउंडेशन' आणि सहावं अक्षर 'पी' असेल तर ती संस्था नव्हे, एका माणसाचा धंदा आहे. जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर क्रमांक टाकला की नोंदणीचं नाव फुकटात दिसतं.

पेरूच्या बाजूचीही अशीच तपासणी घरबसल्या होते. तिथल्या प्रत्येक नोंदणीकृत संस्थेला कर खात्याचा अकरा आकडी क्रमांक असतो, त्याला 'रुक' म्हणतात. संस्थेचा किंवा कंपनीचा क्रमांक २० ने सुरू होतो, व्यक्तीचा साधारणपणे १० ने. 'सुनात' या कर खात्याच्या संकेतस्थळावर तो टाकला की दोन गोष्टी पाहायच्या : स्थिती 'आक्तिवो', म्हणजे काम चालू, आणि 'आबिदो', म्हणजे नोंदवलेल्या पत्त्यावर ती संस्था सापडते. स्पॅनिश येत नसली तरी हे दोन शब्द ओळखता येतात. तिसरी चौकशी 'सेरफोर'ची. ही पेरूची वन आणि वन्यजीव सेवा. तिथल्या कायद्यात बचाव केंद्र, संवर्धन केंद्र, प्राणिसंग्रहालय, प्रजनन केंद्र असे वेगवेगळे प्रकार आहेत आणि प्रत्येकाला वेगळी मंजुरी लागते. 'सँक्चुअरी' हा शब्द कुणीही फलकावर रंगवू शकतो. म्हणून विचारायचं ते एवढंच : तुमची मंजुरी कोणत्या प्रकारची आहे आणि तिचा ठराव क्रमांक काय? खरं केंद्र क्रमांक पाठवतं, कारण त्यांनी तो मिळवण्यासाठी वर्षं घातलेली असतात. खोटं केंद्र रागावतं, 'तुमचा आमच्यावर विश्वास नाही का' असं विचारतं.

एजंटने याआधी कुणाला तिकडे पाठवलं आहे की नाही, हे ओळखायला एक प्रश्न पुरतो : पिवळ्या तापाच्या लसीचं काय? पेरूच्या ॲमेझॉन भागात हा आजार आहे. भारतात तो नाही, पण तो पसरवणारा डास आपल्याकडे आहे, म्हणून परतताना लसीचं पिवळं कार्ड नसेल तर विमानतळावरून थेट विलगीकरणात नेतात, सहा दिवसांपर्यंत. लस सरकारमान्य केंद्रावरच घ्यावी लागते आणि कार्ड टोचल्यानंतर दहाव्या दिवसापासून ग्राह्य धरतात. एकदा घेतली की २०१६ पासूनच्या नियमाने ती आयुष्यभर चालते. 'पुढच्या आठवड्यात निघा, लसीबिसीची गरज नाही' असं जो म्हणतो, त्याने एकही माणूस पाठवून परत आणलेला नाही. व्हिसाचंही तसंच. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा युरोपातल्या शेंगेन देशांचा पुरेशा मुदतीचा व्हिसा असेल तर भारतीयांना पेरूत पर्यटनासाठी वेगळा व्हिसा लागत नाही. नसेल तर वकिलातीत अर्ज करावा लागतो. 'आमचं पत्र दाखवा, विमानतळावर व्हिसा मिळेल' ही थाप आहे. निघण्याआधी ताजा नियम वकिलातीकडूनच पाहा.

दुसरी तऱ्हा जास्त वाईट, कारण तिथे पैसे तुमचे जातात आणि जीव त्या प्राण्यांचा जातो.

स्लॉथचं पिल्लू जन्मानंतर साधारण सहा महिने आईच्या पोटाला चिकटून असतं. ते तुमच्या गळ्यात आलं, म्हणजे आईला झाडावरून खाली आणून त्याला ओढून काढलेलं आहे. स्पायडर आणि वूली माकडांची शिकार मांसासाठी होते. आईला गोळी लागते, पाठीवरचं पिल्लू जिवंत राहिलं तर विकलं जातं. इकितोसच्या बेलेन बाजारात हा व्यापार वर्षानुवर्षं चाललेला आहे. स्पायडर माकडीण दोन ते चार वर्षांतून एकदा, एकाच पिल्लाला जन्म देते, तेव्हा एका फोटोची किंमत काय ते समजून घ्या. स्लॉथ घाबरला की पळत नाही, थिजतो. तोंडाच्या ठेवणीमुळे तो हसल्यासारखा दिसतो, आणि फोटो काढणाऱ्याला वाटतं की तो खूश आहे. तीन बोटांच्या स्लॉथला पिंजऱ्यात जगवणं अनुभवी पशुवैद्यांनाही जड जातं. तो मोजक्या झाडांची पानं खातो, ती पचायला कित्येक दिवस लागतात, आठवड्यातून एखाद्या वेळी शौचाला खाली उतरतो. त्याला केळं आणि बाटलीतलं गाईचं दूध पाजणारं केंद्र त्याला मारतंय. ते पिल्लू गेलं की दुसरं येतं. म्हणून केंद्राच्या पानावर मागच्या तीन वर्षांचे फोटो खाली खाली सरकवत बघा. प्रत्येक महिन्यात कुशीत घेण्याजोगं पिल्लू आहे, पण ती वाढलेली कुठेच दिसत नाहीत, सोडल्याच्या नोंदी नाहीत, तर काय चाललंय ते लक्षात येईल.

खऱ्या बचाव केंद्रात स्वयंसेवकाला प्राण्यापासून लांब ठेवतात. त्यात दुरावा नसतो, शास्त्र असतं. माणसाच्या ओठावर जो साधा नागीणसारखा फोड येतो, त्याचा विषाणू नाइट मंकी आणि मार्मोसेटसारख्या छोट्या माकडांना हमखास मारू शकतो. क्षयरोग आणि साधी सर्दीसुद्धा आपल्याकडून त्यांना जाते. म्हणून मास्क, हातमोजे, दारात पाय बुडवायचं जंतुनाशकाचं पातेलं, नव्या प्राण्याला आठवडे वेगळं ठेवणं, आणि जो प्राणी सोडायचा आहे त्याला माणसाचा आवाजही ऐकू येऊ न देणं. दिवसभराचं काम म्हणजे पहाटे फळं-भाज्या चिरणं, वजन करून वाटे घालणं, पिंजरे घासणं, पाणी वाहणं, कुजकी पानं उपसणं, बांबूच्या नळ्यांत खाणं लपवून माकडांना शोधायला लावणं. पावसात चिखल, कोरड्या दिवसांत डास. कामाचं हे वर्णन ज्या माहितीपत्रकात नाही, त्यावर पैसे भरू नका. विचारायचंच असेल तर उलट विचारा : 'मला काय करू दिलं जाणार नाही?' जिथून ठाम, लांबलचक यादी येते ती जागा चांगली. वटवाघळांपासून होणाऱ्या रेबीजची आधीची लस घेतली का, हे तिथूनच विचारलं जाईल.

झाडं लावण्याचे कार्यक्रमही यात मिसळतात. माद्रे दे दियोस प्रांतात सोन्याच्या खाणींनी उजाड केलेल्या जमिनीवर खरं काम चालतं, पण ती रोपं पावसाळ्यात लावावी लागतात, साधारण नोव्हेंबर ते मार्च. जुलै-ऑगस्टच्या कोरड्या दिवसांत दर पंधरवड्याला नवी तुकडी रोपं लावत असेल, तर ती जगवायला लावलेली नाहीत. हिशोबही करून पाहा : तीन मीटर अंतरावर लावली तर एका हेक्टरात १,१११ रोपं बसतात. दहा हजार झाडं लावल्याचं सांगणाऱ्याकडे नऊ हेक्टर जमीन असायला हवी. तिचे अक्षांश-रेखांश मागा आणि उपग्रहाच्या चित्रात बघा.

तिकडे पोचल्यावर कळलं तर पासपोर्ट 'ऑफिसात ठेवायला' देऊ नका, दिला असेल तर आधी तो परत घ्या. पिंजऱ्यांचे, जागेचे फोटो काढा, निघून शहरात या आणि मग सेरफोरला कळवा. लिमात भारताचा दूतावास आहे. पिल्लाची दया येऊन ते विकत घेऊन सोडवू नका. त्या पैशांतून पुढच्या आईवर गोळी झाडली जाते.

पैसे भारतातच गेले असतील तर पहिल्या तासाभरात १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला फोन करा. रक्कम पुढच्या खात्यात वळण्याआधी गोठवता आली तरच परत मिळण्याची आशा असते. व्यवहाराचा बारा आकडी यूपीआय संदर्भ क्रमांक, वेळ, रक्कम, समोरचा यूपीआय पत्ता हाताशी ठेवा. मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार आणि बँकेला लेखी अर्ज. पिन तुम्हीच टाकलेला असल्यामुळे बँक याला 'अनधिकृत व्यवहार' मानायला तयार होत नाही, म्हणून अर्जात 'तोतयेगिरी करून फसवणूक' असं स्पष्ट लिहा. पोलिस ठाण्यात भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८(४) आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-डी लागू होतं. हद्दीचं कारण सांगून परत पाठवलं तर झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न पाहता कोणत्याही ठाण्यात नोंदवायची तक्रार, मागा. क्रेडिट कार्डाने भरले असतील तर त्याच दिवशी 'डिस्प्यूट' नोंदवा.

या सगळ्याच्या आधी एक काम. 'पेरू बॅच' नावाच्या ज्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये तुम्हाला घातलेलं असतं, तो रागाने सोडू नका. आधी चॅट एक्सपोर्ट करा आणि सभासदांच्या यादीचे स्क्रीनशॉट घ्या, कारण तुम्हाला काढून टाकलं की ती यादी गेली. तिच्यात तुमच्यासारखेच लोक असतात, कुणी नोंदणीपर्यंत आलेलं, कुणी अनामतीपर्यंत. त्यांची आजची मुदत अजून संपलेली नसते. त्यांना आधी फोन करा.