क्ले बार: कोळशाच्या रस्त्यावरच्या पांढऱ्या गाडीला किती कामाचा?

विदर्भातल्या वणी, घुग्घुस, राजुरा या कोळशाच्या पट्ट्यात पांढरी गाडी वापरणाऱ्याला हे ओळखीचं असेल. गाडी धुतली, पुसली, लांबून चकाचक दिसते. पण बोनटवरून तळवा फिरवला की बारीक खरखर लागतेच. वाकून पाहिलं तर पांढऱ्या रंगात सुईच्या टोकाएवढे तांबूस ठिपके. शॅम्पूनं ते निघत नाहीत, नखानं खरवडायची हिंमत होत नाही. या खरखरीवर मला सापडलेला सगळ्यात चांगला इलाज म्हणजे क्ले बार, रंगावर फिरवायची मऊ वडी. गेल्या हिवाळ्यात आणला. एक उन्हाळा आणि एक पावसाळा गेल्यावर आता खात्रीनं लिहितोय. पण ही वडी काय करते आणि काय करत नाही, हे कळल्याशिवाय कुणी ती गाडीला लावू नये, म्हणून जरा सविस्तर.

माझं वणी तालुक्यातल्या गावात कृषी केंद्र आहे. मालासाठी वणी, उधारीसाठी गावोगाव, असं रोजचं फिरणं. रस्त्यावर पुढे-मागे कोळशाचे टिप्पर, वणीत गाडी उभी राहते ती मालधक्क्याच्या बाजूला आणि घरी आल्यावर आंब्याखाली. गाडी पाच वर्षांची पांढरी वॅगनआर. रंग मुळात चांगला होता, पण हात लावला की सँडपेपरची आठवण यावी अशी छताची गत झाली होती.

आपल्याकडे सगळा दोष कोळशाच्या धुळीला देतात. कोळशाची धूळ बहुतेक पाण्यानं निघून जाते. घट्ट बसतात ते लोखंडाचे कण. गाडीनं ब्रेक दाबला की डिस्क आणि पॅड झिजून उडणारे, रेल्वेची चाकं रुळावर घासून सुटणारे. असा कण रंगावर बसतो, दवानं ओला होतो, गंजतो आणि वरच्या क्लिअर कोटला, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थराला, धरून राहतो. तांबूस ठिपका म्हणजे हाच गंज. त्यात भर पडते डांबराच्या शिंतोड्यांची, बाभळीच्या डिंकाची, आणि मोहोराच्या दिवसांत आंब्यावर तुडतुडे आले की पानांवरून टपकणाऱ्या चिकट्याची. हा चिकटा कपाशीवरच्या माव्यामुळे शेतकऱ्यांच्या चांगला ओळखीचा आहे. गाडीवर वाळला आणि त्यावर धूळ बसली की साध्या धुण्यानं सुटता सुटत नाही.

क्ले बार ही कृत्रिम रेझिनची मऊ वडी असते, तिच्यात घासणारी अतिशय बारीक पूड मिसळलेली असते. रंगावर वंगण, म्हणजे वडी घसरावी म्हणून शॅम्पूच्या पाण्यासारखं निसरडं पाणी, फवारून ती सरकवली की सपाट भागावरून ती वंगणावर घसरत जाते, आणि रंगाच्या वर डोकं काढून बसलेला कण मात्र तिला अडतो, सुटतो आणि वडीत रुततो. एवढंच तिचं काम. ही चीज जपानमधून आली; तादाओ कोदाते यांना तिचं अमेरिकन पेटंट 1995 साली मिळालं.

यातूनच पुढची गोष्ट कळते. जे रंगाच्या वर आहे ते क्ले काढते, जे रंगाच्या आत गेलं आहे ते नाही. ओरखडे, फडक्यानं पडलेले गोल चरे, उन्हानं गेलेला रंग, पक्ष्याच्या विष्ठेनं खाल्लेला डाग, यातलं काहीही क्लेनं जात नाही. त्याला पॉलिश लागतं. "नव्यासारखी गाडी" अशी जाहिरात वाचून कुणी वडी मागवली तर निराश होईल. माझी गाडी नव्यासारखी दिसत नाही, पण हाताला नव्यासारखी लागते, आणि त्यामुळे धुणं-पुसणं निम्म्या मेहनतीत होतं. मला तेवढंच हवं होतं.

वडी घेण्याआधी एक तपासणी करा, फुकट आहे. गाडी धुऊन वाळवा. हातात पातळ पन्नी (प्लास्टिकची पिशवी) घाला, किराण्याची चालते, आणि बोटांची टोकं हलक्या हातानं बोनटवरून फिरवा. पन्नीमुळे चामडीचं घर्षण जातं आणि एकेक कण जाणवतो. मेहुण्याला करून दाखवलं तर तो म्हणाला, "भाऊ, डोळ्यानं तं काहीच दिसत नाही ना जी!" दिसत नाहीच. पन्नीतून काही लागलं नाही तर क्ले करू नका, गाडीला गरज नाही.

तयारीत सगळ्यात महत्त्वाचं धुणं, आणि आपल्या भागात तर फारच. पांदणीतून आलेल्या गाडीच्या मडगार्डमध्ये, दरवाज्याच्या खालच्या काठाला काळ्या मातीचा चिखल वाळून बसलेला असतो. तो राहिला आणि वर क्ले फिरवली की वडीखाली खडे आलेच. आधी नुसत्या पाण्याच्या जोरानं चिखल फुगवून सोडवायचा, मग दोन बादल्यांनी शॅम्पू: एकीत साबणपाणी, दुसरीत फक्त हातमोजा खळबळून घ्यायला. इथे एक कळकळीची विनंती. फवारणीचा पंप घरी असतोच म्हणून तो गाडीसाठी वापरू नका. तणनाशकाचा अंश पंपात किती चिवटपणे राहतो हे माझ्या दुकानात बसलं तर रोज ऐकायला मिळेल. शिवाय तोच पंप परत कपाशीत जातो. शंभर-दीडशे रुपयांत नवा हातफवारा मिळतो, तो गाडीसाठी वेगळा ठेवा.

डांबराचे ठिपके क्लेनं घासत बसण्यात अर्थ नाही, वडी खराब होते. टार रिमूव्हर लावा, मऊ झालं की पुसा. डिझेल किंवा रॉकेल लावायची आपल्याकडे सवय आहे. डांबर निघतं, पण तेलकट थर राहतो आणि त्यावर धूळ दुपटीनं बसते. लोखंडासाठी आयर्न रिमूव्हर मिळतं. फवारलं की कणाजवळ जांभळे ओघळ सुटतात, म्हणजे औषध लोखंडाशी भिडलं. वास उग्र असतो, हातमोजे घाला आणि गाडीवर ते सुकू देऊ नका, लवकर धुवा. माझ्या गाडीच्या छतावर आणि मागच्या दारावर जांभळे ओघळ असे उतरले की शेजारी गोळा झाले. एवढं केल्यावर क्लेला कमी घासावं लागतं, म्हणजे रंगालाही कमी त्रास.

आता वंगण. याच्याबद्दल कुणी नीट सांगत नाही. किटमध्ये येणारी बाटली छोट्या गाडीलाही अपुरी पडते. कार शॅम्पू पाण्यात पातळ करून वापरला तर काम छान होतं, पण पाणी कोणतं ते बघा. आमच्या बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग गाडीवर तर सोडाच, स्टीलच्या ग्लासावरसुद्धा राहतात. म्हणून मी गावातल्या आरओ केंद्राचा वीस लिटरचा कॅन आणतो आणि त्यातच शॅम्पू मिसळतो. पावसाळ्यात टिनावरून पडणारं पाणी पहिल्या सरी सोडून ड्रममध्ये धरलं तर तेही उत्तम, कारण त्यात क्षार जवळजवळ नसतात. भांड्याचा लिक्विड साबण नको, तो रंगाला जपणारं उरलंसुरलं वॅक्स (मेणाचा थर) ओरबाडून नेतो.

प्रत्यक्ष काम असं. वडीचा चौथा हिस्सा तोडायचा, बाकीची डबीत. तुकडा हातात मळून चपटा करायचा. दोन फूट बाय दोन फुटांचा भाग भरपूर भिजवायचा, वडीही भिजवायची, आणि तीन बोटांखाली ठेवून सरळ रेषेत पुढे-मागे न्यायची. गोल फिरवायचं नाही, दाबायचं अजिबात नाही. सुरुवातीला बोटांना कंप जाणवतो आणि बारीक खर्रखर्र आवाज येतो. काही फेऱ्यांत आवाज पातळ होत जातो, मग एकदम वडी निसटल्यासारखी पळते. तिथे थांबायचं. उलटून पाहिलं तर पांढऱ्या वडीवर राखाडी-काळा पट्टा आणि त्यात तांबडे कण. तो भाग आत दुमडायचा, पुन्हा मळायचं, स्वच्छ बाजू वर. बोनटचा पहिला पट्टा झाल्यावर मी शेजारच्या न केलेल्या पट्ट्यावर हात ठेवला, आणि तेव्हाच पुढचं सगळं काम करायचं ठरलं. एवढा फरक एका बोटाच्या अंतरावर लागतो.

वडी जमिनीवर पडली तर ती संपली. धुऊन चालत नाही, कारण माती आत रुतते. ओळखीतल्या एकाच्या काळ्या गाडीवर एका डिटेलिंगच्या (गाडी चकचकीत करून देणाऱ्या) दुकानात पडलेला तुकडाच उचलून फिरवला. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात दोन्ही दारांवर रेघाच रेघा दिसतात. काळ्या गाडीवर तर नवी वडी असली तरी हलके चरे राहू शकतात, त्यामुळे नंतर पॉलिश करायची तयारी असेल तरच सुरुवात करा. फाइन, मीडियम, हेवी अशा प्रती मिळतात. घरी करणाऱ्यानं फाइनच घ्यावी. क्लिअर कोट साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा असतो, तेवढ्यातच गाडीचं सगळं आयुष्य काढायचं असतं.

आपल्या हवामानाचा विचार कुठल्याच व्हिडिओत नसतो. एप्रिल-मेमध्ये पारा 45 च्या वर असताना हे काम हातात घेऊ नका. पत्रा तापलेला असतो, वंगण बघता बघता उडतं, आणि कोरड्या रंगावर वडी चिकटून लेप सोडते. डिसेंबर-जानेवारीत उलटी अडचण: सकाळच्या थंडीत वडी दगड होते, मळली जात नाही. मग कोमट पाण्याच्या वाटीत थोडा वेळ ठेवायची. माझ्या मते चांगला काळ म्हणजे पावसाळा सरल्यावर दसऱ्याच्या आसपास, सावलीत, सकाळी. झाडाखाली नको, शेडमध्ये.

क्ले झाल्यावर गाडी उघडी पडते. कणांबरोबर जुनं वॅक्सही निघालेलं असतं. त्याच दिवशी वॅक्स किंवा सीलंट लावलं नाही तर केलेलं वाया, नवे कण आणखी सहज बसतील. मी सिंथेटिक सीलंट लावलं, म्हणजे वॅक्सचंच काम करणारा कृत्रिम थर. होळीपर्यंत पाणी छान थेंब धरत होतं, म्हणजे थर शाबूत होता. मेच्या उन्हानंतर छतावर ते सपाट पसरायला लागलं. दारांवर मात्र पहिल्या पावसातही थेंब उभे होते. जूनच्या आधी छत आणि बोनटवर पुन्हा एक हात द्यायला हवा, हे त्यावरून कळलं.

पावसाळ्यानंतर पन्नीची तपासणी पुन्हा केली. छत, बोनट आणि डिकीचं दार खरखरत होतं, बाजूचे दरवाजे गुळगुळीत. म्हणून या वेळी क्ले फक्त तेवढ्यावरच केली. "दर तीन महिन्यांनी क्ले करा" असे सल्ले वाचायला मिळतात, मला ते अजिबात पटत नाहीत. क्ले कितीही हलक्या हातानं केली तरी घर्षणच आहे. गाडी सांगेल तिथे आणि तेव्हाच करावी. आमच्यासारख्या रस्त्यावर वर्षातून एकदा, फार तर दोनदा.

काचेवर मात्र मनापासून शिफारस करतो. पुढच्या काचेवर क्ले फिरवल्यापासून वायपरची कर्रकर्र बंद झाली आणि रात्री समोरच्या टिप्परच्या लाइटनं काचेवर पसरणारा धुरकटपणा बराच कमी झाला. हेडलाइटवरचा चिकटा जातो, पिवळेपणा जात नाही.

बोअरच्या पाण्याच्या डागांबाबत माझी अपेक्षा पुरी झाली नाही. क्लेनं वरची पापडी थोडी उतरते, कडं तसंच राहतं. त्यावर पांढरा व्हिनेगर आणि आरओचं पाणी निम्मं-निम्मं, फडक्यानं मिनिटभर ठेवून लगेच धुतलं, तर ताजे डाग गेले. जुने, रंगात उतरलेले डाग अजून आहेत, त्यांना पॉलिशच करावं लागणार. धुतल्यावर गाडी उन्हात आपोआप वाळू न देणं हाच त्यावरचा खरा उपाय, आणि तो मी आता कटाक्षानं पाळतो.

खर्चाचं बोलायचं तर 100 ग्रॅमची वडी मला साडेतीनशेच्या आसपास पडली. तेवढ्यात छोटी गाडी एकदा पूर्ण आणि एकदा थोडी होऊनही तुकडा उरला आहे. आयर्न रिमूव्हर, सीलंट आणि चार चांगली मायक्रोफायबर फडकी धरली तर एकूण दीड हजारापर्यंत गेलो. नागपुरात सिरॅमिक कोटिंगचा (रंगावर बसवायच्या टिकाऊ संरक्षक थराचा) भाव वीस हजारांच्या पुढे सांगितला होता. नवी गाडी असती तर कदाचित विचार केला असता. पाच वर्षांच्या, रोज टिप्परमागे धावणाऱ्या गाडीला मला तो खर्च पटला नाही.

मॅट रंगाच्या गाडीवर क्ले करू नका. एखादा दरवाजा नुकताच रंगवला असेल तर पेंटरला विचारून निदान महिना-दोन महिने जाऊ द्या. ज्यांना वेळ नाही त्यांच्यासाठी क्लेचा हातमोजा मिळतो. तो पडला तर धुऊन वापरता येतो आणि काम लवकर होतं, पण बोटाखालचा कंप त्यातून नीट कळत नाही. मला वडीच आवडते.

वडी ठेवताना डबीत थोडं वंगण फवारून झाकण घट्ट लावा, आणि उन्हाळ्यात डबी गाडीच्या डॅशबोर्डवर विसरू नका, वितळून प्लास्टिकला चिकटते. सगळीकडून राखाडी झालेला तुकडा रंगावर परत नेऊ नका. मी तो चाकांच्या रिमसाठी वेगळ्या डबीत ठेवतो. ब्रेकची सगळ्यात जास्त काजळी तिथेच बसते, आणि तिथून निघणारे तांबडे कण पाहिले की छतावर काय बसत असेल याचा अंदाज येतो.