विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर आणि मुलांचं आनापान : एका शिक्षिकेचा, आईचा अनुभव

मी शाळेत परिपाठ घेते. वर्गात दहा मूल्यांचा तक्ता लावलेला आहे आणि नीटनेटकेपणा, वक्तशीरपणापासून सगळी नावं मुलांना तोंडपाठ आहेत. मागच्या वर्षी एका रात्री माझ्या सहावीतल्या मुलीचा विज्ञानाचा प्रकल्प मीच बसून पूर्ण केला, कारण दुसऱ्या दिवशी तो द्यायचा होता आणि ती झोपेने पेंगत होती. शेवटच्या पानावर छापलेलं होतं, ‘हा प्रकल्प मी स्वतः केला आहे.’ तिने विचारलं, ‘आई, इथे सही कोण करणार? तू की मी?’ मी म्हटलं, ‘तू.’ तिने केली. सकाळी परिपाठात माझ्याकडे प्रामाणिकपणा हाच विषय होता. मी बोलले, पण स्वतःचाच आवाज ऐकवेना.

त्यानंतर दोन महिन्यांनी मी दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला गेले. विपश्यना म्हणजे शरीरातल्या संवेदना तटस्थपणे पाहण्याची, बुद्धाच्या परंपरेतली साधना. कोणत्या केंद्रात ते सांगत नाही, कारण वेळापत्रक आणि पद्धत सगळीकडे सारखीच असते. ही पद्धत सत्यनारायण गोएंका यांची. ते ब्रह्मदेशातल्या मंडालेत जन्मलेले व्यापारी. अर्धशिशीने हैराण होऊन ते तिथले विपश्यना आचार्य सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले, साधना शिकले आणि १९६९ साली ती घेऊन भारतात आले. इगतपुरीचं धम्मगिरी केंद्र १९७६ पासून चालू आहे. गोएंका २०१३ साली वारले, पण शिबिरात आजही त्यांच्याच आवाजातल्या ध्वनिमुद्रित सूचना असतात. सहायक आचार्य समोर बसलेले असतात आणि शंका असेल तर भेटून विचारता येते.

पहिल्या दिवशी फोन, पुस्तकं, वही-पेन सगळं जमा करावं लागतं. फोनचं मला काही वाटलं नाही, पेनचं वाटलं. सतत टिपणं काढायची सवय असलेल्या माणसाला ऐकलेलं कुठेच उतरवता येऊ नये, हे जड जातं. मग पंचशील घ्यायचं असतं : हिंसा नाही, चोरी नाही, ब्रह्मचर्य, खोटं बोलणं नाही, नशा नाही. पहाटे चारला घंटा, साडेचारला ध्यान, रात्री साडेनऊला दिवे बंद. दहाव्या दिवसाच्या सकाळपर्यंत मौन, तेही नजरेचं आणि खाणाखुणांचंसुद्धा.

शील, समाधी, प्रज्ञा, म्हणजे आधी सदाचार, मग एकाग्रता, मग समज, असा तिथला क्रम आहे आणि शिक्षक म्हणून मला सगळ्यात जास्त काय पटलं असेल तर तो हाच. शाळेत आम्ही शील म्हणजे शिकवायचा धडा धरतो. इथे ते पुढच्या कामाची तयारी म्हणून आधी पाळून घेतात. ‘खोटं बोलू नका’ यावर भाषण होत नाही, बोलणंच थांबवतात. तिसऱ्या दिवसापर्यंत माझ्या लक्षात आलं की मी एरवी किती बारीकसारीक खोटं बोलते. ‘येतेच पाच मिनिटांत.’ ‘मी रागावले नाहीये.’ ‘बाबांना विचारून सांगते,’ जेव्हा विचारायचं काहीच नसतं. ही वाक्यं घरात मुलांसमोरच जास्त वापरली जातात.

पहिले साडेतीन दिवस फक्त आनापान, म्हणजे नाकाशी येणारा-जाणारा श्वास जसा आहे तसा पाहायचा. श्वास ओढायचा नाही, मोजायचा नाही, त्याला नाव द्यायचं नाही. चौथ्या दिवशी विपश्यना देतात आणि मग दिवसातून तीन वेळा एकेक तास अधिष्ठान : हातपाय न हलवता, डोळे न उघडता बसायचं. सहाव्या दिवशी माझा डावा गुडघा असा पेटला की डोळ्यांत पाणी आलं. त्या तासात सगळं सोडून तीच सही समोर आली. मुलीचं गोल अक्षर, पेन जरा दाबून धरलेलं. मला वाटलं होतं तिला काही जाणवलं नाही. पण तिने पेन दाबून धरलं होतं.

आता पटलं नाही तेही सांगते. हे संप्रदायाच्या पलीकडचं आहे असं वारंवार सांगितलं जातं आणि साधनेपुरतं ते खरंही आहे. श्वासाला धर्म नसतो. पण सुरुवातीला बुद्ध, धम्म, संघ यांना शरण जायचं असतं आणि सकाळी पालीतलं पठण असतं. याचा अर्थ नीट समजावतात, तरी ज्या घरात वेगळी श्रद्धा आहे त्यांनी आधी घरी बोलून मगच जावं. शिबिराच्या काळात जप, पूजा, प्रार्थना, उपवास बाजूला ठेवावे लागतात. माझ्या सासूबाईंची फार इच्छा होती यायची. नियम वाचून त्या म्हणाल्या, ‘दहा दिवस माळ खाली ठेवायची? मग मी कोण उरले गं?’ त्यांनी अर्ज केला नाही आणि मीही आग्रह धरला नाही. ज्या नामाने त्यांनी घरातली दोन आजारपणं निभावली, ते प्रयोगासाठीसुद्धा सोडायला लावण्याचा अधिकार मला नाही. पद्धत मिसळू नये म्हणून हा नियम आहे, हे मला मान्य आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

मानसिक आजाराचे उपचार चालू असतील तर ते अर्जात लपवू नका. केंद्रवालेच गंभीर त्रास असलेल्यांना येऊ नका म्हणतात आणि ते बरोबर आहे. शिबिराचं शुल्क नसतं. पूर्वी शिबिर केलेल्यांच्या दानावर ते चालतं आणि आपणही शिबिर पूर्ण केल्यावरच दान देऊ शकतो. शिक्षण विकायचं नाही हे तत्त्व मला घरच्यासारखं वाटलं.

मुलांचं आनापान शिबिर याहून खूपच हलकं असतं. आठ वर्षांपुढच्या मुलांना वयाप्रमाणे गटात घेतात. ध्यानाच्या छोट्या-छोट्या बैठका, मध्ये गोष्ट, खेळ, चित्रं, गटचर्चा. माझ्या मुलीचं एका दिवसाचं होतं. संध्याकाळी तिला विचारलं तर म्हणाली, ‘मन सारखं पळतं, पण परत बोलावलं तर येतं. रागवायचं नाही त्याच्यावर.’ एवढं तिला एका दिवसात कळलं याचं मला कौतुक वाटलं. गटचर्चा मात्र मला कच्ची वाटली. खोटं बोलावं का, असं विचारल्यावर मुलं मोठ्यांना आवडेल तेच उत्तर देतात. तिथे मुलांना आपण कुठे आणि का खोटं बोललो, हे न घाबरता सांगता यायला हवं.

आणि एका दिवसाने काही होत नाही. रोज सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं बसायला सांगतात. महाराष्ट्रात शासनाच्या ‘मित्र’ उपक्रमातून शाळांतही हेच करायचं असतं. आमच्याकडे पहिले तीन आठवडे छान गेले, मग परीक्षा आली आणि बंद पडलं. पुन्हा सुरू झालं ते मी स्वतः बसायला लागल्यावर. ‘चल बस’ म्हटलं की ती बसत नाही. मी सतरंजी टाकून डोळे मिटले की पाचेक मिनिटांत शेजारी हालचाल जाणवते. मुलाला पाठवायचं असेल तर आई-बाबांपैकी एकाने तरी आधी दहा दिवस करावेत, असं मी कळकळीने सांगेन.

परवा सातवीचा प्रकल्प होता, पवनचक्कीचा. जाड पुठ्ठा तिला कापवेना, तो मी कापून दिला. पाती तिने चिकटवली. एक वाकडी बसली, त्यामुळे पंखा अडखळत फिरतो. शेवटच्या पानावर तीच छापील ओळ होती. तिने तिच्याखाली बारीक अक्षरात लिहिलं, ‘पुठ्ठा आईने कापला, बाकी मी.’ मग सही केली आणि वही दप्तरात टाकली.