वर्गात एकत्र लिहिण्यासाठी गुगलची तीन साधनं: डॉक्स, शीट्स, स्लाइड्स

चाळीस मुलांना एकाच फाइलवर काम द्यायचं म्हटलं की बहुतेक शिक्षक सवयीने मजकूर लिहायचं साधन, गुगल डॉक्स, उघडतात. अख्ख्या वर्गासाठी या तिन्हींतलं सगळ्यात गैरसोयीचं साधन तेच. वर्गभराच्या कामाला शीट्स (आडव्या-उभ्या चौकटींचा तक्ता) लावावं, गटांच्या मांडणीला स्लाइड्स (सादरीकरणाची पानं), आणि डॉक्स तीन-चार जणांनी मिळून लिहिण्यापुरतं ठेवावं.

एका डॉक्स फाइलवर एका वेळी १०० टॅब किंवा उपकरणांवरून संपादन चालतं, त्यामुळे संख्येचा प्रश्न येत नाही. पण डॉक्समधला मजकूर सलग असतो. वर कोणी दोन ओळी वाढवल्या की खालच्या सगळ्यांचं लिखाण सरकतं. तक्ता करून प्रत्येकाला एक रकाना (सेल) दिला तरी रकाने फुगतात आणि पान हलत राहतं. एखाद्याने सगळं निवडून डिलीट दाबलं तर सगळ्यांचंच जातं. त्यावर ‘कंट्रोल झेड’ फक्त ज्याने पुसलं त्याच्याकडेच चालतं, कारण प्रत्येकाला केवळ स्वतःचा बदल मागे घेता येतो. शिक्षकांनी घाईने ‘व्हर्जन हिस्टरी’तून (फाइलच्या जुन्या आवृत्त्यांच्या नोंदीतून) जुनी आवृत्ती ‘रिस्टोअर’ केली, तर मधल्या वेळेत बाकीच्यांनी लिहिलेलंही नाहीसं होतं. जुनी आवृत्ती नुसती उघडावी, गेलेला भाग कॉपी करावा आणि चालू फाइलमध्ये पेस्ट करावा.

शीट्समध्ये प्रत्येकाची जागा ठरलेली राहते. तयारी एकदाच करायची. ‘ए’ कॉलममध्ये नावं, पहिल्या ओळीत प्रश्न. दोन्ही ‘फ्रीझ’ करा, म्हणजे स्क्रोल केलं तरी ते जागेवर दिसत राहतात. उत्तरांचे कॉलम रुंद करून ‘रॅप’ (मजकूर रकान्यातच खालच्या ओळीवर वळवणं) लावा, नाहीतर लांब वाक्य शेजारच्या रकान्यावर पसरतं किंवा अर्धंच दिसतं. मग ‘डेटा’ मेनूतून ‘प्रोटेक्ट शीट्स अँड रेंजेस’ उघडा, पूर्ण शीट निवडा, ‘एक्सेप्ट सर्टन सेल्स’वर खूण करून फक्त उत्तरांचे रकाने मोकळे ठेवा आणि परवानगी ‘ओन्ली यू’ करा. आता नावं आणि प्रश्न कोणाच्या हातून पुसले जात नाहीत. आठ-दहा गट असतील तर प्रत्येक गटाची ओळ त्याच गटाच्या ईमेलपुरती उघडी ठेवता येते. चाळीस मुलांसाठी हे करत बसणं वेळेचा अपव्यय आहे.

तीन गोष्टी मुलांना आधीच सांगून ठेवा. रकान्यात टाइप केलेलं एंटर दाबल्याशिवाय इतरांना दिसत नाही. लांब उत्तर लिहून कोणी तसाच टॅब बंद केला तर ते जातं. फोनवर बरोबरची खूण दाबावी लागते आणि ती हमखास विसरली जाते. दुसरं, उत्तरात नवी ओळ हवी असेल तर ‘कंट्रोल एंटर’. तिसरं, सॉर्टला (ओळींचा क्रम लावण्याला) हात लावायचा नाही. नावांचा कॉलम कुलूपबंद आणि उत्तरं मोकळी अशी स्थिती असताना कोणी उत्तरं सॉर्ट केली तर एकाचं उत्तर दुसऱ्याच्या नावासमोर जातं. शिक्षकांना उत्तरं चाळायची असतील तर ‘फिल्टर व्ह्यू’ घ्यावा, त्याने बाकीच्यांच्या पडद्यावरची मांडणी बदलत नाही. कोणी कोणाच्या रकान्यात खोडसाळपणा केला असेल तर त्या रकान्यावर राइट क्लिक करून ‘शो एडिट हिस्टरी’ बघा, नाव आणि वेळ समोर येते.

शीट्सचा खरा दोष म्हणजे नक्कल. शेजारच्याचं उत्तर समोर दिसतं आणि मागून लिहिणारे तेच थोडं फिरवून लिहितात. त्यावर कोणतंही सेटिंग नीट पुरं पडत नाही. आधी पाच मिनिटं वहीत लिहायला लावून मग टाइप करायला सांगितलं की फरक पडतो.

स्लाइड्सबद्दल फार सांगण्यासारखं नाही, चित्रं आणि थोडा मजकूर असलेल्या गटकामाला ते उत्तम आहे. प्रत्येक गटाला एक स्लाइड द्या आणि तिच्यावर गटक्रमांक आधीच टाका. सूचना स्लाइडवर थेट न लिहिता ‘व्ह्यू’मधल्या ‘थीम बिल्डर’मध्ये जाऊन लेआउटवर (स्लाइडच्या मूळ साच्यावर) लिहा, मग मुलांकडून त्या चुकून सरकत किंवा पुसल्या जात नाहीत. थीम (रंग आणि अक्षरांची ठेवण) बदलायची नाही हे बजावून सांगा. एका गटाने थीम बदलली की सगळ्या स्लाइड्स बदलतात.

डॉक्स खरं खुलतं ते लहान गटात, मसुदा लिहून तो सुधारण्याच्या कामात. वर उजवीकडच्या पेन्सिलीतून ‘सजेस्टिंग’ निवडलं की मूळ वाक्य न पुसता सुचवणी दिसते आणि ती स्वीकारायची की नाही हे गट ठरवतो. इथे मुलं एकमेकांचं लिखाण खरोखर वाचतात, आणि एवढ्या एका सोयीसाठी हे साधन शिकवण्याजोगं आहे. गुण देताना ‘कंट्रोल ऑल्ट शिफ्ट एच’ दाबून आवृत्त्या बघा. कोणी काय लिहिलं ते वेगवेगळ्या रंगांत दिसतं. मोठा परिच्छेद एकदम उगवला असेल तर तो बाहेरून पेस्ट केलेला असण्याची शक्यता असते. पण केवळ रंगांवर गुण देऊ नयेत. दोघं एका लॅपटॉपवर बसले तर सगळं काम एकाच्याच नावावर जमा होतं.

परवानग्यांकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं. ‘एनीवन विथ द लिंक’ला ‘एडिटर’ ठेवलं तर लॉगिन नसलेली मुलं निनावी प्राण्यांच्या चित्रांनी दिसतात आणि हिस्टरीत त्यांचं नाव राहत नाही. शाळेची खाती असतील तर लिंक शाळेपुरतीच खुली ठेवा. शेअरच्या खिडकीतल्या गिअरमध्ये जाऊन संपादकांना पुढे शेअर करण्याची दिलेली मुभाही काढा, कारण ती सुरुवातीपासून चालू असते.

गुगल क्लासरूममधून (मुलांना काम पाठवण्याच्या गुगलच्या सेवेतून) फाइल देताना तीन पर्याय येतात: मुलांनी फक्त बघावी, सगळ्यांनी तीच संपादित करावी, किंवा प्रत्येकाला वेगळी प्रत मिळावी. तिसरा पर्याय काम पाठवण्याआधीच निवडावा लागतो. तो राहिला तर ते काम काढून टाकून नव्याने द्यावं लागतं. गटांसाठी मात्र प्रत्येक गटाची प्रत स्वतः करून ती फक्त त्या गटाच्या मुलांना पाठवावी. क्लासरूम वापरत नसाल तर लिंकच्या शेवटी ‘एडिट’ असतं तिथपासून पुढचं काढून इंग्रजी अक्षरांत ‘कॉपी’ लिहा; लिंक उघडणाऱ्याला थेट प्रत करण्याचं पान दिसतं.

मुक्त फळा हवा असेल तर या तिघांत तो नाही. गुगलचा असा फळा जॅमबोर्ड होता, तो त्यांनी ३१ डिसेंबर २०२४ ला बंद केला. साधन असं बंदही होऊ शकतं, म्हणून वर्षाचं चांगलं काम यांतल्या कोणत्याही साधनात असलं तरी सत्राच्या शेवटी पीडीएफ काढून वेगळं ठेवा. शाळेची खाती बंद झाली की मुलांच्या ड्राइव्हमधल्या फाइलीही हाताबाहेर जातात.