सीओटू स्क्रबर: चार महिने वापरल्यावर

माझ्या फिश टँकसाठी मागवलेल्या सीओटू स्क्रबरचं, म्हणजे हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषणाऱ्या डब्याचं, पार्सल उघडलं आणि हसूच आलं. पांढरे दाणे, वापरून संपले की जांभळे होणारे. हे तर आमच्या भूल द्यायच्या मशीनमधले! मी ओटी (ऑपरेशन थिएटर) टेक्निशियन आहे, हे दाणे, म्हणजे सोडा लाइम, रोज बघते. तिथे ते पेशंटच्या उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड शोषतं, इथे स्किमरमध्ये (बुडबुड्यांच्या फेसातून टँकमधली घाण काढणारं यंत्र) शिरणाऱ्या हवेतला.

आधी दुखणं सांगते. ठाण्यात वन बीएचके, हॉलमध्ये १८० लिटरचा रीफ टँक, म्हणजे खाऱ्या पाण्याचा प्रवाळांचा टँक: क्लाउन माशांची जोडी, एक हॅमर आणि थोडे झोआ (दोन्ही प्रवाळ). माणसं चार, आणि उन्हाळ्यात एसीसाठी सगळे हॉलमध्येच झोपतो. टँकचा पीएच सतत कमी: पहाटे ७.७५, संध्याकाळी फार तर ७.९५. दुकानदार म्हणाला, "ताई, बफर (पीएच वाढवणारी पावडर) टाका." टाकलं. संध्याकाळपर्यंत आकडा चढला, दुसऱ्या सकाळी पुन्हा ७.८, आणि अल्कलिनिटी (पाण्यातल्या कार्बोनेट क्षारांचं माप, डीकेएचमध्ये मोजतात) मात्र ८ वरून ११.५ डीकेएचवर. हॅमर दोन दिवस मिटून बसला. त्या दुकानात परत गेले नाही.

मग पीएच मोजायचा प्रोब ७ आणि १० पीएचच्या द्रावणात कॅलिब्रेट केला (हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं). टँकचं पाणी जगमध्ये घेऊन गॅलरीत ठेवलं, त्यात एअरस्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) सोडला. तासाभरात ७.८ चं ८.१! अल्कलिनिटी तीच, पाणी तेच. म्हणजे दोष घरातल्या कोंडलेल्या हवेचा: आमच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळून पीएच खाली ओढत होता.

सर्वात स्वस्त उपाय म्हणजे स्किमरची हवा ओढणारी नळी खिडकीबाहेर सोडणं. मीही सोडली होती आणि फरक झकास पडला. पण पावसाळ्यात सोसायटीत डासांसाठी धूरफवारणी झाली, तेव्हा मी नेमकी घरी होते म्हणून धावत जाऊन नळी काढली. तो धूर स्किमरने ओढला असता तर माझे श्रिंप गेलेच असते. त्या दिवशी स्क्रबर मागवला.

आता वस्तूबद्दल. पारदर्शक डबा, वर-खाली स्पंज, आत साधारण ६०० ग्रॅम दाणे बसतात. डबा जाड आहे, पण झाकणाची ओ-रिंग पहिल्या दिवसापासून सैल. रिंग गळकी असली की स्किमर तिथूनच खोलीतली हवा ओढतो आणि दाणे नुसते शोभेला राहतात. विक्रेत्याने बदलून दिली नाही. हार्डवेअरच्या दुकानातून दुसरी आणून बसवली, तेव्हा कुठे यंत्र कामाला लागलं. आता पहाटे ८.१, संध्याकाळी ८.३.

पहिला भरणा ११ दिवसांत संपला. एवढं परवडणारं नव्हतं. मग स्किमरच्या कपाच्या झाकणातून निघणारी हवा नळीने परत स्क्रबरच्या तोंडाशी आणली. एकदा गाळलेलीच हवा फिरत राहते, त्यामुळे पुढचा भरणा २६ दिवस चालला. ॲक्वेरियमच्या दुकानातल्या बाटलीबंद दाण्यांऐवजी मी आता सर्जिकल दुकानातून पाच किलोचा डबा आणते, किलोमागे जवळपास निम्म्यात पडतो. (नाही, हॉस्पिटलमधून उचललेला नाही. विचारणारे खूप भेटले.)

रंगावर फार भिस्त ठेवू नका. संपलेले दाणे नुसते ठेवले तर जांभळेपण फिकट होऊन पुन्हा पांढरे दिसू शकतात. ओटीतही नवीन मुलं इथेच फसतात. मी पीएच बघून बदलते. भरताना ग्लोव्ह्ज घाला, धूळ डोळ्यात-नाकात जाऊ देऊ नका, त्यात थोडं सोडियम हायड्रॉक्साइड असतं. आणि डबा लावला की स्किमरचा फेस खाली बसतो, कारण हवा ओढायला जोर पडतो. नळी थोडी रुंद घेतली आणि स्किमर पुन्हा सेट केला.

पीएच वाढवायला काल्कवासर, म्हणजे चुन्याचं पाणी, हेही करून पाहिलं. बरणी बघून सासूबाई म्हणाल्या, "अगं, ही तर चुन्याची निवळी!" बरोबरच आहे की. चुना तोच, लिटरला दीड-दोन ग्रॅम, वरचं स्वच्छ पाणी रात्री थेंब थेंब. स्वस्त आहे आणि पीएचही उचलतं, पण पंप अडकून एकदम जास्त गेलं तर टँक आटोपला. माझ्या नाइट ड्यूट्या असतात, म्हणून मला स्क्रबर बरा.

पाचपैकी साडेतीन. दीड गुण त्या रिंगेचे कापले. पुढचा दाण्यांचा डबा कालच आणला, सोबत दोन जादा रिंगा.