एनजीचा डबा मी मोजलाच नाही

मागच्या महिन्यात नाशिकच्या अंबड एमआयडीसीतून एक फोन आला. "साहेब, तुमच्याकडे त्या कंपनीचं सॉर्टिंग मशीन आहे ना? रेफरन्स म्हणून त्यांनी तुमचा नंबर दिलाय. कसं चाललंय?" मला क्षणभर बोलताच येईना. चांगला आणि खराब माल वेगळा करणारं ते मशीन विकून ज्या माणसाने मला साडेसोळा लाखांना टोपी घातली, तो माझंच नाव सांगून पुढचं गिऱ्हाईक गाठत होता. हे लिहायला बसलो ते त्या फोनमुळे. कंपनीचं नाव लिहीत नाही, प्रकरण कोर्टाच्या वाटेवर आहे.

भोसरीत आमचं टर्निंगचं, म्हणजे लेथवर धातू कातायचं, छोटं वर्कशॉप आहे. ट्रॉब, म्हणजे ऑटोमॅटिक लेथ, आणि कॉम्प्युटरवर चालणारी चार सीएनसी मशीन. मुख्य जॉब (नगाला आम्ही जॉब म्हणतो) म्हणजे एक बुश: बाहेरून १० मिलिमीटर, उंची ६ आणि मधून ६ चं आरपार ड्रिल. वर झिंक प्लेटिंग. दिवसाला साधारण ४० हजार नग निघतात. हे सगळे चार मावश्या टेबलावर भिंगाच्या दिव्याखाली बघायच्या. एकेकीचे दिवसाला १० हजार. हात इतके बसलेले की बोलता बोलता बर, म्हणजे कडेला धातूचा कंगोरा, असलेला जॉब बाजूला पडायचा. पण माणूस आहे, दुपारी तीननंतर डोळे थकतात. एकदा ड्रिल तुटल्यावर निघालेले दोन जॉब, म्हणजे भोक आरपार नसलेले, कस्टमरच्या लाईनवर पोचले आणि ८६ हजारांची डेबिट नोट आली, म्हणजे तेवढे पैसे आमच्या बिलातून वजा. वर त्यांच्या क्वालिटीवाल्याने ऐकवलं, "अजून हाताने सॉर्टिंग करता? झिरो पीपीएम कसं देणार?" म्हणजे दहा लाखांत एकही नग खराब नको. ते मनाला लागलं, आणि नेमक्या त्याच सुमारास या कंपनीचा माणूस दारात आला.

मशीन ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. थरथरणाऱ्या बाऊलमधून जॉब एकामागे एक काचेच्या फिरत्या चकतीवर येतात. चकतीच्या वर, खाली आणि बाजूला कॅमेरे असतात. कॉम्प्युटर प्रत्येक जॉबचा फोटो तपासतो आणि पुढे हवेचा फटका मारून त्याला योग्य त्या डब्यात ढकलतो. चांगले ओकेत, खराब एनजीत. चांगल्या कंपन्यांची अशी मशीन वर्षानुवर्षं नीट चालतात, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. यांचा दावा होता मिनिटाला ६०० नग. आमचं दिवसभराचं काम तास-सव्वा तासात. मी हिशोबालाच भुललो.

ट्रायलसाठी गुरुवारी गेलो, आमची सुट्टी असते. आठवडाभर आधी त्यांनी मागितलं होतं, "साहेब, तुमचे ५० खराब जॉब पाठवून द्या, सॉफ्टवेअरला शिकवावं लागतं, एआय आहे." मी निवडून ५० पाठवले. काहींत बर, काहींचा चॅम्फर (कडेचा उतार) नाही, काही ब्लाइंड (भोक आरपार नसलेले), काहींना डेंट. ट्रायलच्या दिवशी १९५० चांगले मी घेऊन गेलो. त्यात त्यांनी ते ५० मिसळले आणि बाऊलमध्ये ओतले. साडेतीन मिनिटांत काम संपलं. मग त्यांच्याकडे कामाला असलेल्या मुलाने एनजीच्या डब्यातून मार्करची खूण केलेले जॉब वेचून ट्रेमध्ये मांडले. पन्नासच्या पन्नास. टाळ्या, चहा, सामोसे.

इथेच सगळं होतं आणि मला दिसलं नाही. जे ५० जॉब दाखवून मशीनला शिकवलं तेच ५० परीक्षेला आले, म्हणजे पेपर आधीच फुटलेला. त्याहून मोठी गोम म्हणजे एनजीच्या डब्यात त्या पन्नासांशिवाय आणखी किती जॉब होते, ते मी मोजलंच नाही. मोबाइलवर मी स्वतः काढलेला व्हिडिओ आहे. आठ महिन्यांनी रात्री झोप येत नव्हती म्हणून तो पाहत बसलो होतो. त्यात दोन सेकंद स्क्रीनवरचे आकडे दिसतात: टोटल २०००, ओके १६१२, एनजी ३८८. म्हणजे ५० खराब पकडायला मशीनने ३३८ चांगले जॉब फेकले होते. शंभरातले सतरा. चांगला-खराब ठरवायच्या मर्यादा इतक्या आवळून ठेवल्या की पन्नास सुटणार तरी कसे? अशा सेटिंगवर कुठलंही मशीन शंभर टक्के खराब माल पकडेल. सगळा माल एनजीत टाकला तरी पकडेल!

त्यांनी दिलेल्या रेफरन्सलाही मी फोन केला होता. त्या गृहस्थांनी एवढंच म्हटलं, "चालू आहे." ते "चालू आहे" कसं म्हणाले, ते माझ्या कानाला खटकलं होतं. पण जाऊन बघितलं नाही, दीड तासाचा रस्ता होता फक्त.

किंमत १४ लाख, १८ टक्के जीएसटी धरून १६ लाख ५२ हजार. अटी अशा: ऑर्डरबरोबर ४० टक्के, माल निघण्याआधी ५०, आणि मशीन बसवल्यावर १०. म्हणजे मशीन माझ्या दारात यायच्या आधीच नव्वद टक्के पैसे त्यांच्या खिशात. बँकेने कर्ज मंजूर करून प्रोफॉर्मावर, म्हणजे आगाऊ कच्च्या बिलावर, थेट त्यांना पैसे दिले. आणि घाई कसली, तर "३१ मार्चच्या आत बिल केलंत की या वर्षाचा घसारा मिळेल, टॅक्स वाचेल." आमच्या सीएंनी नंतर डोक्याला हात लावला. नुसत्या बिलावर घसारा मिळत नाही, मशीन प्रत्यक्ष वापरात यावं लागतं. आणि वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर असेल तर निम्माच, म्हणजे १५ ऐवजी साडेसात टक्के. तेवढ्यासाठी मी माझं स्वतःचं मशीन त्यांच्या शेडमध्ये चालताना न बघता उचललं. "हे बघितलंत ना, तस्सं आहे," असं ते म्हणाले होते.

तस्सं नव्हतं. कोटेशनमध्ये '५ मेगापिक्सेल इंडस्ट्रियल कॅमेरा, टेलिसेंट्रिक लेन्स' असं लिहिलेलं. मेक नाही, मॉडेल नंबर नाही. आलेल्या कॅमेऱ्यांवरचे स्टिकर खरवडलेले होते. ऑटोमेशनचं काम करणाऱ्या एका ओळखीच्या मुलाने नंतर कॅमेरा लॅपटॉपला जोडला, तो निघाला १.३ मेगापिक्सेलचा, आणि लेन्स साधी. मी म्हटलं, लेन्सने असा काय फरक पडतो? त्याने एक बुश डोळ्यासमोर धरायला लावला. समोर धरला की भोक गोल दिसतं. जरा बाजूला सरकवला की भोकाची आतली भिंत दिसायला लागते आणि गोल चंद्रकोरीसारखा होतो. साधी लेन्स तसंच बघते. जॉब चकतीवर दोन मिलिमीटर इकडे-तिकडे बसला की चांगल्या भोकात तिला बर दिसतो. टेलिसेंट्रिक लेन्स सगळीकडून सरळ बघते, म्हणून ती महाग.

म्हणजे आमच्याकडे पहिल्या दिवसापासून जे चाललं होतं त्याचं कारण हे. एनजीचा डबा भरभरून वाहायचा आणि मावश्या त्यातला माल पुन्हा हाताने बघायच्या. मशीन आल्यावर काम वाढलं. तक्रार केली की त्यांचा मुलगा फोनवरून कॉम्प्युटरमध्ये शिरून मर्यादा सैल करायचा. मग एनजी कमी, पण ओकेच्या डब्यात बर दिसायला लागायचा. पुन्हा फोन, पुन्हा आवळ. त्यात प्लेटिंगनंतर जॉबवर राहणाऱ्या तेलाचा थर काचेवर चढायचा, दर तासाला पुसावं लागायचं. त्यांचं उत्तर तयार असायचं, "तुमचा जॉबच स्वच्छ नाही." ट्रायलला नेलेला माल मी मुद्दाम धुऊन, कोरडा करून नेला होता, चांगला दिसावा म्हणून. माझीच चूक.

मशीन बसवायला आलेल्या इंजिनिअरने तिसऱ्या दिवशी संध्याकाळी एक कागद पुढे केला. त्याला सातची बस पकडायची होती. 'मशीन समाधानकारक चालू आहे' या ओळीखाली मी सही आणि शिक्का मारला. वकिलांनी पुढे पहिला प्रश्न त्याच कागदाचा विचारला.

राहिलेले दहा टक्के, १ लाख ६५ हजार, मी अडवून धरले होते. वाटलं, निदान एवढं तरी आपल्या हातात आहे. सहाव्या महिन्यात एका सकाळी स्क्रीनवर चौकट आली: लायसन्स कोड टाका. कोटेशनमध्ये याचा उल्लेख नव्हता. पैसे भरा, कोड मिळेल. कस्टमरची गाडी दारात उभी, निम्मा माल बाऊलमध्ये. मी पैसे भरले. त्यांनी कोड दिला तोही तीस दिवसांचा. पुढच्या कोडसाठी 'वार्षिक देखभाल' वेगळी.

पण खरा दणका पावसाळ्यात बसला. एका लॉटमध्ये पुन्हा ब्लाइंड जॉब गेले, या वेळी सतरा. कस्टमरची लाईन थांबली. मी दोन मावश्यांना टेम्पोत बसवून चाकणला पाठवलं. दोन दिवस त्या तिथल्या स्टोअरमध्ये खाली बसून आमचाच माल निवडत होत्या. सगळ्यात सोपा दोष कॅमेऱ्याने सोडला कसा, हे कळेना. फोटो उघडून पाहिले, तर मशीनने ते सतराही एनजी म्हणूनच नोंदवले होते. मग ते ओकेत गेले कसे?

त्याच ऑटोमेशनवाल्या मुलाने शोधून काढलं. या मशीनमध्ये हवेचा फटका खराब जॉबला बसायचा आणि बाकी सगळे आपोआप ओकेत पडायचे. आमचा कॉम्प्रेसर सगळ्यांना मिळून एकच. सीएनसीवर कुणी एअर गन धरली की प्रेशर पडायचं, फटका कमी पडायचा, आणि खराब जॉब चांगल्यांबरोबर निवांत पुढे जायचा. शहाण्या मशीनमध्ये उलट असतं. हवा चांगल्या जॉबला ओकेत ढकलते, आणि ज्याला फटका बसला नाही तो एनजीत नाहीतर पुन्हा तपासायच्या डब्यात जातो. हवा गेली, वीज गेली, व्हॉल्व्ह उघडलाच नाही, तरी खराब माल ओकेत जाणार नाही. विकत घेताना विचारायचा एकच प्रश्न असता मला तर हा विचारला असता: एअर बंद केली तर माल कुठल्या डब्यात पडतो? त्यांच्यासमोर पाइप काढून बघायला अर्धं मिनिट पुरतं.

पोलीस चौकीत गेलो, तर "मशीन दिलंय ना त्यांनी? मग हे दिवाणी आहे." ग्राहक आयोग (पूर्वीचा ग्राहक मंच) आपल्यासाठी नाही. धंद्यासाठी घेतलेली वस्तू त्यात बसत नाही. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः राबणाऱ्याला सवलत आहे, पण बावीस कामगारांचा मालक त्यात कसा बसणार? तीन लाखांवरचा व्यापारी वाद म्हणून कमर्शियल कोर्ट, आणि तातडीचा आदेश मागायचा नसेल तर त्याआधी मध्यस्थी सक्तीची. आम्ही मध्यस्थीचा अर्ज केला, समोरचे आलेच नाहीत. आता दावा. पण वकील म्हणतात पुरावा लंगडा आहे: समाधानाच्या कागदावर सही, आणि तक्रारी सगळ्या फोनवर. माल नापसंत असेल तर तसं वाजवी वेळेत कळवावं लागतं, नाहीतर तो स्वीकारला असं धरलं जातं, हे १९३० च्या मालविक्री कायद्यातच आहे म्हणे. सहा महिने मी कंपनीच्या त्या मुलाशी फोनवर भांडत होतो, एक ईमेल टाकला नाही. त्याला वाईट वाटेल असं वाटायचं, पोरगा बिचारा नोकर माणूस.

मशीन भंगारात नाही घातलं. मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरला, म्हणजे पीएलसीला, त्यांचा पासवर्ड होता, म्हणून पीएलसीच बदलला, हवेची चाल उलटी केली, वरच्या कॅमेऱ्याला खरी टेलिसेंट्रिक लेन्स आणि नवं सॉफ्टवेअर घातलं. आणखी तीन लाख गेले. आता ते एकच काम करतं, भोक आरपार आहे की नाही ते बघतं, आणि ते चोख करतं. बर आणि डेंट पुन्हा मावश्यांकडे. रोज सकाळी सुरू करताना रंग दिलेले दहा ब्लाइंड जॉब आम्ही मुद्दाम सोडतो, दहाच्या दहा एनजीत आल्याशिवाय लॉट चालू होत नाही. दुपारी एअर बंद करून पुन्हा एकदा.

तर अंबडचा तो फोन. खरं सांगतो, माझ्याही तोंडात "चालू आहे" आलं होतं. चारचौघांत फसलो हे कुणाला सांगवतं? आणि तेव्हाच मला तो जुना रेफरन्सवाला कळला. नंतर मी त्याला फोन करून विचारलंही, तो म्हणाला, "कोड त्यांच्या हातात होता हो, काय बोलणार?" मी अंबडच्या गृहस्थांना म्हटलं, फोनवर नको, समक्ष या. ते आले, मशीन पाहिलं, माझा तो व्हिडिओ दोनदा पाहिला, मावश्यांबरोबर चहा घेतला. पुढच्या आठवड्यात ते ट्रायलला गेले ते गाडीच्या डिकीत तेलकट, न धुतलेले पाच हजार वॉशर घेऊन. त्यातले खराब किती आणि कुठले, हे फक्त त्यांच्या खिशातल्या चिठ्ठीवर. दोन्ही डबे मोजणार म्हणाले आणि मध्येच एअरचा पाइप काढणार म्हणाले. ट्रायल झालीच नाही, "आज बाऊल फीडर दुरुस्तीला काढलाय" म्हणे.

त्या रात्री मला सेल्सच्या त्या माणसाचा फोन आला, वर्षभरात पहिल्यांदा त्याने आपणहून केलेला. "साहेब, तुम्ही आमचं गिऱ्हाईक फोडलंत." मी विचारलं, दावा दाखल करायचाय, समन्स कुठल्या पत्त्यावर पाठवायचं? त्याने फोन ठेवला.