चेतापेशी पाहायची की पेटवायची?

मेंदूतली मंडलं, म्हणजे एकमेकींना जोडलेल्या चेतापेशींची जाळी, प्रकाशाने अभ्यासायची तर वाटा दोन. पहिली पाहण्याची. 1990 साली विनफ्रीड डेंक, जेम्स स्ट्रिकलर आणि वॉट वेब यांनी कॉर्नेल विद्यापीठात टू-फोटॉन मायक्रोस्कोप मांडला. लेसरचे दोन फोटॉन (प्रकाशकण) एकाच क्षणी रेणूने शोषले तरच तो चमकतो, त्यामुळे आजूबाजूचा धूसरपणा गळून जातो. जिवंत उंदराच्या कवटीत बसवलेल्या काचेच्या खिडकीतून बघा: पेशी उद्दीपित झाली, कॅल्शियम आत शिरलं, की जेलीफिशच्या प्रथिनातून घडवलेला सूचक हिरवा उजळतो. हे दृश्य विलक्षण सुंदर असतं.

दुसरी वाट ऑप्टोजेनेटिक्सची. 2005 मध्ये स्टॅनफर्डच्या कार्ल डायसेरॉथ, एड बॉयडन आणि सहकाऱ्यांनी शेवाळातलं चॅनेलऱ्होडॉप्सिन हे प्रकाशाला प्रतिसाद देणारं प्रथिन चेतापेशीत बसवलं. निळा प्रकाश पडला की पेशी पेटते, म्हणजे उद्दीपित होते. डायसेरॉथ मानसोपचारतज्ज्ञही आहेत, आणि ते मला फार महत्त्वाचं वाटतं.

नुसतं पाहून कोण कोणाबरोबर जागं होतं एवढंच कळतं. कारण शोधायला पेशी पेटवूनच बघावी लागते. पण शेकडो पेशी एका झोतात पेटवणं हे मेंदूचं स्वतःचं बोलणं नव्हे. म्हणून नव्या संशोधकाला मी आधी पाहायलाच बसवेन, तेही भरपूर दिवस.