फोन गेला: ऑनलाइन तक्रार की पोलीस स्टेशन?

पुतण्याचा फोन लोकलमध्ये गेला, विचारतोय काका तक्रार ऑनलाइन टाकू की पोलीस स्टेशनला जाऊ. वेळ बघितला तर ऑनलाइन सोयीचं, रात्री बारालाही भरता येतं, फक्त आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, हाताशी हवा, तो बॉक्सवर छापलेला असतो म्हणून बॉक्स टाकू नका रे. पण हरवल्याची नोंद म्हणजे एफआयआर नाही! चोरी असेल तर 1 जुलै 2024 पासून बीएनएसएस (फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा) कलम 173 प्रमाणे ऑनलाइन कळवता येतं, तरी 3 दिवसांत सही करावीच लागते. स्टेशनला वेळ जातो, मी दोन तास बाकावर बसलोय, पण समोर सांगितलं की तपशील सुटत नाहीत आणि एफआयआरची कॉपी फुकट मिळते. नुसता हरवला, डुप्लिकेट सिम हवंय तर ऑनलाइन पुरे. लोकलमध्ये हिसकावला असेल तर सरळ रेल्वे पोलीस गाठ.